गाडी कोणासाठी थांबत नाही

आमच्या घरमालकांना बसता येत नसे. म्हणजे गुडघे धड होते, कंबर माझ्यापेक्षा बरी होती, पण बूड टेकवणं हा प्रकारच त्यांना मानवत नव्हता. चहा ते उभ्यानं पीत, पेपर फेऱ्या मारत वाचत, आणि जेवायला बसलेच तर एक गुडघा वर ठेवत. कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून. हाक कुणीच मारत नसे. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. उभा जन्म त्यांनी लोणारच्या स्टँडवर गाड्या सोडण्यात घालवला, म्हणून गाव त्यांना कंट्रोलर म्हणे आणि त्यांच्या बायकोला कंट्रोलरीणबाई. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो, कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो आणि रोज सकाळी त्यांच्या शिटीनं दचकून उठत होतो.

शिटी ही त्यांची घरातली बोली होती. निवृत्त होताना बाकी सगळं जमा केलं, शिटी तेवढी खिशात राहिली. एक आखूड शिटी म्हणजे चहा, लांब शिटी म्हणजे अंघोळीचं पाणी, आणि तुटक तुटक वाजली की समजायचं, बाहेर कुणी तरी आलंय. काकूंना, म्हणजे बायकोला, त्यांनी कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. त्या पिढीत कोण मारत होतं म्हणा, पण बाकीचे निदान ‘ऐकलं का’ तरी म्हणत. एकदा न राहवून मी काकूंना म्हणालो, “तुम्ही काय गाडी आहात का, शिटीवर चालायला?”

“गाडीले तरी डिझेल भेटते, सर,” काकू म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

गावात त्यांच्या वाटेला जायला लोक भीत, कारण माणूस घाई करायला लावी. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांच्या मागे उभे राहून जेवणाऱ्यांना हाकत, “उठा भाऊ, दुसरी पंगत लागून राह्यली.” देवळात दर्शनाची रांग त्यांच्यामुळे पळायला लागे. एकदा तर मयतीला गेले आणि घड्याळ बघून म्हणाले, “वेळ झाली, काढा आता.” नातेवाईक अजून यायचे होते. रडता रडता त्या घरातल्या म्हातारीनंच त्यांना ओसरीवरून खाली घालवलं. “बसला तो चुकला” हे त्यांचं एक वाक्य. आणि दुसरं, जे ते दिवसातून कितीदा म्हणत देव जाणे, “गाडी कोनासाठी थांबत नाही.” हे दुसरं वाक्य आलं की काकू तिथून उठून जात. मला वाटे, ऐकून ऐकून वीट आला असेल.

असल्या माणसानं मैत्री मंडळ काढलं हे नवल. झालं असं की सरोवर बघायला आलेला एक जर्मन म्हातारा स्टँडवर जालन्याची गाडी शोधत होता. आमचे कंट्रोलर रोज सकाळ-संध्याकाळ तिथे हजेरी लावतच, कारण नवे कंट्रोलर त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते आणि यांना केबिनमधून बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी म्हाताऱ्याला धरलं, मला फोन करून कॉलेजातून बोलावलं, आणि अर्ध्या तासात असं निघालं की त्या म्हाताऱ्याचं गावही आमच्यासारखंच, आभाळातून धोंडा पडून झालेल्या खड्ड्याचं आहे; आम्ही काठावर, ते खड्ड्यातच. तिथे एक मैत्री मंडळ आहे. ते लोक दुसऱ्या देशातल्या एखाद्या गावाशी येणं-जाणं ठेवायला उत्सुक आहेत. तो म्हातारा जालन्याला पोचायच्या आत इकडे आमचं मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष कंट्रोलर, सचिव मी. मला कुणी विचारलं नाही.

करार साधा होता. आधी त्यांचे लोक इकडे येतील, घरोघरी उतरतील. मग उन्हाळ्यात आमचे लोक तिकडे. ज्या घरी पाहुणा उतरला त्या घरातल्या एकाला तिकडचं निमंत्रण. एका घराला एकच जागा. अर्थात कंट्रोलरांच्या घरची जागा कोणाची, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. त्यांनी मेहकरला जाऊन राखाडी सूट शिवून आणला. जर्मन स्टेशनांवरच्या घोषणा ते मोबाइलवर ऐकत आणि अंगणात फेऱ्या मारत पाठ करत. ज्या माणसानं हजारो लोकांना गावाला पाठवलं, तो स्वतः कधी लांब गेला नव्हता. “आपन नागपूरच्या पुढं काही पाह्यलं नाही, सर,” ते मला म्हणाले होते. हे सांगताना ते जिन्याच्या एकाच पायरीवर खालीवर करत होते. तेव्हा मला त्यांचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

पाहुणे फेब्रुवारीत आले. आमच्या घरी उतरली हेल्गा नावाची बाई. वय काकूंच्याच आसपास, नवरा वारलेला, गावात तिची बेकरी होती ती आता मुलगी चालवत होती. कंट्रोलरांनी पाहुण्यांसाठी असं वेळापत्रक केलं होतं की वाचूनच मला दम लागला. सरोवर, दैत्यसूदनाचं देऊळ, सिंदखेडराजा, खामगावचा चांदीचा बाजार, प्रत्येक ठिकाणी सुटायची वेळ लिहिलेली, आणि वेळ झाली की शिटी. बाकीचे पाहुणे बिचारे पळाले. हेल्गानं पहिल्याच दिवशी सरोवराचा उतार अर्धा उतरून गुडघा धरला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, मी घरीच बसते. कंट्रोलरांना हा अपमान वाटला. पण बाकीच्यांची गाडी सुटायची होती, त्यामुळे ते गेले.

मग हेल्गा स्वयंपाकघरात बसली ती बसलीच. भाकरी थापणं तिनं बघून बघून उचललं. बेकरीवालीच ती, पीठ तिच्या हाताला ओळखत होतं. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, आणि तरी माडीवरून मला दिवसभर हसणं ऐकू येई. अडलं की काकू हाक मारत, “सर, या बरं खाली, हे काय म्हनून राह्यली पाहा.” मी वैतागून खाली जाई. पेपर तपासायचे राहून जात होते.

एकदा अशीच हाक आली. हेल्गानं काकूंना त्यांचं नाव विचारलं होतं. मी सांगून मोकळा होणार होतो, सुलोचना, मंडळाच्या कागदांवर मीच लिहिलेलं होतं. पण काकूंनी हात वर करून मला थांबवलं. 

“पंचफुला,” त्या म्हणाल्या. “सुलोचना हे इकडचं. सासूले माह्यं नाव गावंढळ वाटे, म्हनून लग्नात बदललं. तिले म्हना, पंचफुला म्हन.”

हेल्गानं ते नाव तीनदा मोडलं आणि चौथ्यांदा बरोबर म्हटलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, मला नीट कळलं नाही.

मग हेल्गानं विचारलं, तुझं ते गाव किती लांब? मी भाषांतर केलं.

“सुलतानपूर. शिटी वाजवली तर ऐकू जाईन, इतक्या जवळ,” काकू म्हणाल्या. आणि पुढे जे सांगितलं ते मला इंग्रजीत करून सांगताना नको नको झालं. त्यांचे वडील आजारी होते. सकाळी निरोप आला, लवकर या. काकूंनी हातातलं काम टाकलं, वडलांना आवडे म्हणून थोडी कढी डब्यात घेतली आणि स्टँडकडे पळाल्या. फाटकातून आत शिरल्या तेव्हा गाडी उभी होती. नवरा फलाटावर उभा होता. त्यांनी हात केला. त्यानं बघितलं, घड्याळ बघितलं आणि शिटी वाजवली. पुढची गाडी उशिरा आली. त्या पोचल्या तेव्हा वडील गेले होते. भाऊ दारातच म्हणाले, तुहा नवरा साऱ्या तालुक्याच्या गाड्या सोडते आन तुलेच गाडी भेटली नाही? मागून कंट्रोलर पोचले, त्यांच्या कानावर ते पडलं. त्यांना राग आला. या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ते चार लोकांत बोलले आणि बायकोला घेऊन आले. भावांनीही मग कधी बोलावलं नाही.

“तवापासून गेली नाही,” काकू म्हणाल्या. “दर तासाले हे सुलतानपूरची गाडी सोडत होते. माइकवर नाव घेत होते गावाचं. मी घरी ऐकत होती.”

 हेल्गानं काकूंचा पिठाचा हात धरला. मी पेपर तपासायचे आहेत म्हणून माडीवर पळालो. मला कंट्रोलरांचा इतका राग आला होता की त्या संध्याकाळी त्यांनी शिटी वाजवली तेव्हा मी वरून खिडकी आदळली.

निरोपाचा कार्यक्रम नगरपालिकेच्या हॉलमध्ये झाला. कंट्रोलर सूट घालून आले होते. प्रत्येक पाहुण्याला शाल-श्रीफळ दिलं. मग काकू अचानक ओटीचं साहित्य घेऊन मंचावर चढल्या. हेल्गाच्या अंगात पँट, पदर आणायचा कुठून? काकूंनी नुकतीच मिळालेली शालच तिच्या हातांवर पसरली. मंडळातल्या एक बाई पुढे होऊन हळूच म्हणाल्या, “अवं, तिचा नवरा वारला ना?”

“लेकीची ओटी भराले कायचा नवरा पाहाचा?” काकू म्हणाल्या आणि खण, नारळ, गहू, हळकुंड शालीत घातलं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या की आमच्या कंट्रोलरांना माइक सुचतो. त्यांनी तो हिसकावलाच. “आता हे घर तुमचं माहेर झालं! आन तुमचं घर ते आमच्या घरच्यांचं माहेर! दोन खड्ड्यातल्या दोन लेकी!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सांगा, सर, इंग्रजीत.”

माहेर या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही. म्हणून मी सविस्तर सांगितलं. लग्न झालेली बाई जिथे न विचारता जाऊ शकते, जिथे तिला कुणी काम सांगत नाही, ते घर. तिथे ती एकटी जाते, नवरा नंतर फक्त न्यायला येतो. मास्तरकीची खोड, दुसरं काय. हेल्गानं लक्षपूर्वक ऐकलं आणि मान हलवली. जर्मन माणसाला एकदा नियम कळला की तो पाळतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

एप्रिलमध्ये निमंत्रणं आली. बाकीच्या घरांना आली तशीच आली. आमच्या घरचं निमंत्रण पंचफुलाबाईंना होतं. हेल्गानं स्वच्छ लिहिलं होतं, तुझ्या माहेरी ये, तुझ्या नवऱ्याला न्यायला येणं जमणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा मी तुला विमानात बसवून देईन.

कंट्रोलर ते ऐकून उभेच होते, ते आणखी उभे राहिले. “चुकलं तिचं,” ते म्हणाले. “सर, परत लिहा. अध्यक्ष येत आहेत म्हना. ते माहेर-बिहेर बोलायची पद्धत असते.”

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमीच बोलले ना माइकवर? मंग.”

त्या दोन आठवड्यांत त्या घरात राहणं म्हणजे शिक्षा होती. कंट्रोलर अंगणात, गल्लीत, गच्चीवर, माझ्या दारात, सगळीकडे चालत होते. घटकेत म्हणत, तिला विमानात भोवळ येईल. घटकेत म्हणत, मंडळ मी काढलं, सूट मी शिवला. काकू भांडत नव्हत्या. शिटी वाजली की चहा देत होत्या. मला मात्र वाटत होतं की या वेळी ह्या बाईला जाऊ दिलं नाही तर हे घर आतून कायमचं बंद होईल. मी निर्लज्जासारखं उत्तर लांबणीवर टाकत होतो.

मग एक दिवस कंट्रोलर सकाळी दिसले नाहीत. शिटी नाही, पेपर नाही. संध्याकाळी जिना चढून आले आणि माझ्या दारात उभे राहिले. नेहमीसारखे चुळबुळत नव्हते.

“सुलतानपूरले गेलो होतो,” ते म्हणाले.

मी हातातला पेपर बाजूला ठेवला.

“म्हटलं, तिच्या भावायले सांगावं, न्या बहिनीले. तिले खरं माहेर भेटलं तर ते जर्मनीचं खूळ जाईन डोक्यातून.” त्यांनी चौकट धरली. “दाराशी उभा राह्यलो. मोठा भाऊ बाहेर आला, पाह्यलं आन आत गेला. लेकरं येऊन पाहून गेले. दुपार झाली. मले कोनी बस बी म्हटलं नाही, सर.”

 मला इतक्या दिवसांचा राग होता, तो कुठे ठेवावा कळेना. मी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले नाहीत.

“माहेर असं बंद होते, मले माहीत नव्हतं. मी तर रोज गाडी सोडत होतो तिथची.” मग जिना उतरता उतरता म्हणाले, “लिवून टाका. ती येईन म्हना.”

जायच्या दिवशी अर्धं गाव स्टँडवर होतं. आम्ही मंडळाचे लोक जालन्याच्या गाडीत चढून बसलो. तिथून मुंबईची रेल्वे होती. मी दुभाषा म्हणून चाललो होतो. काकू खाली होत्या. गल्लीतल्या बायकांनी त्यांना गराडा घातला होता. कुणी हळदकुंकू लावत होतं, कुणी लोणच्याची बाटली पिशवीत कोंबत होतं, एक जण ओटी भरत होती, दुसरी माझीही ओटी घ्या म्हणून पुढे घुसत होती. कंट्रोलर कुठे दिसेनात. सूट घरी खुंटीला टांगलेला मी येताना पाहिला होता.

गाडीची वेळ झाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकूंनी मान वळवून स्टँडचं घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खिडकीत उठून उभा राहिलो. बायकांना बाजूला सारून त्या पळायला लागल्या. पदर सुटला, पिशवी गुडघ्यावर आपटत होती, आणि त्यांनी एक हात वर केला होता. मी ओरडलो, “काकू, हळू!” पण हॉर्नमध्ये कुणाला ऐकू जाणार.

तेवढ्यात माइक खरखरला. आवाज ओळखीचा होता. घोषणेची तीच जुनी, पुस्तकी भाषा.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. लोणारहून जालन्याकडे जाणारी गाडी फलाटावर थांबवण्यात आलेली आहे. सुलतानपूरच्या पंचफुलाबाई माहेरी चालल्या आहेत. त्या येऊन बसेपर्यंत गाडी सुटणार नाही.” थोडं थांबून, घोषणेत कधी नसतं ते आलं. “पळू नको. मी थांबवली.”

काकू पळता पळता थांबल्या.  ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढून घेतला. काकूंनी पदर सावरला आणि चालायला लागल्या. मी त्या घरात इतकी वर्षं राहिलो, पण इतकं सावकाश चालताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाटेत एका ओळखीच्या म्हातारीशी बोलल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडीच्या पायऱ्या एकेक करून चढल्या, खिडकीजवळ बसल्या, लोणच्याची बाटली नीट उभी केली. कंडक्टर घड्याळ बघत होता, पण बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

मग त्यांनी केबिनच्या काचेकडे बघितलं आणि मान हलवली. तेव्हा कुठे शिटी वाजली.